तटस्थ रंगाचें थोतांड

‘तटस्थ’ हा शब्द मराठींत मोठ्या अदबीनें उच्चारला जातो. प्रवाह पाहणारा परंतु प्रवाहांत न पडणारा, तटावर उभा राहिलेला, तो तटस्थ. न्यायाधीश तटस्थ असावा, परीक्षक तटस्थ असावा, इतिहासकारानें निदान तसा प्रयत्न तरी करावा, याविषयीं दुमत नाहीं. परंतु घराची भिंतहि तटस्थ असावी, असा जो नवा आचारधर्म गेल्या कांहीं वर्षांत आमच्या शहरी मध्यमवर्गानें अंगीकारला आहे आणि जो आतां कोंकणच्या खेड्यांपर्यंत येऊन पोंचला आहे, तो आम्हांस मान्य नाहीं. भिंत तटस्थ असूं शकत नाहीं. असूं शकली तरी तिनें तसें असूं नये. आणि जी भिंत तटस्थ म्हणून विकली जाते, ती वस्तुतः दुसऱ्याच कोणाचा तरी पक्ष घेऊन उभी असते. हीं तीन विधानें सिद्ध करण्याचा येथें प्रयत्न करावयाचा आहे.

या आचारधर्माचें दैवत म्हणजे राखी रंग. रंगाच्या दुकानांत जाऊन शेडकार्ड उघडावें, तर त्यांत राखाडीच्या इतक्या छटा आढळतात कीं एकीपासून दुसरी ओळखण्यास भर दुपारचें ऊनच पाहिजे. ‘हा रंग कशाशींहि जुळतो’ ही त्याची पहिली शिफारस; ‘हा डोळ्यांत भरत नाहीं’ ही दुसरी. सून पाहण्यास गेलेल्या माणसानें मुलगी कोणाशींहि जुळवून घेते आणि डोळ्यांत भरत नाहीं, एवढ्याच दोन गुणांवर तिला पसंत करावें, त्यांतलाच हा प्रकार. तथापि मुंबईच्या उपनगरांतील सदनिकांत या शिफारशी चालल्या, आणि तेथून राखी रंग मुंबई-गोवा महामार्गानें खालीं उतरला.

महाड मागें टाकून पोलादपूरच्या पुढें गेलें कीं कशेडीचा घाट लागतो. रायगड व रत्नागिरी या दोन जिल्ह्यांमधली ही जुनी वेस. गणपतीसाठीं निघालेल्या चाकरमान्याच्या पोटांतलें पाणी कशेडीच्या वळणांवर हलावयाचें, आणि मग गांव जवळ आल्याची त्याला खूण पटावयाची. २०२३ च्या गणेशोत्सवाच्या तोंडावर घाटांतील जोडबोगद्यांपैकीं एक हलक्या वाहनांस मोकळा झाला, आणि पाऊण तासाची चढउतार कांहीं मिनिटांवर आली. या सोयीविषयीं तक्रार करणें कृतघ्नपणाचें होईल. मात्र वाट सोपी झाली म्हणजे तिच्यावरून केवळ माणसेंच येत नाहींत. शहराची अभिरुचीहि येते, आणि तिला घाट चढण्याचा शीण न झाल्यामुळें ती अधिक तोऱ्यानें येते.

घाटाच्या दोन्ही अंगांच्या गांवांत गणपतीच्या आधीं घर रंगविण्याची चाल जुनी आहे. पूर्वीं चुनकळी भिजवून तींत चिमूटभर नीळ घालावयाची आणि कुंच्यानें भिंती पांढऱ्या करावयाच्या. दाराच्या चौकटीला वा भिंतीच्या पायथ्याला काव किंवा गेरू. पुढें डिस्टेंपर आलें, ऑइलपेंट आला, आणि त्यांबरोबर पोपटी, गुलाबी, आकाशी असे रंग आले. हल्लीं मुलगा मुंबईहून मोबाईलवर नमुन्याचें चित्र धाडतो, रंगारी तें दुकानांत दाखवितो, यंत्र थेंब मोजून डबा भरतें, आणि आठ दिवसांनीं ओटी, माजघर, देवघर सारें एकजात राखी होऊन बसतें. ज्या आईला त्या घरांत बारा महिने काढावयाचे असतात, तिला विचारलें जातेंच असें नाहीं. विचारलें, तर ती ‘तुला बरा वाटंल तो दे, बाबा’ एवढेंच म्हणते. आणि तिच्या या वाक्याचा अर्थ संमति असा लावला जातो.

येथें एक गैरसमज आधींच दूर केलेला बरा. राखी रंगाशीं आमचें वैर नाहीं. सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्यानें त्या रंगाचा द्वेष करणें म्हणजे आपल्याच डोंगराचा द्वेष करणें होय. हा सारा मुलूख काळ्या-करड्या पत्थराचा. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थरावर थर सांचलेल्या लाव्ह्याचा. कशेडीचा बोगदा त्याच पत्थरांतून पाडलेला आहे. शिवाय मराठींत या कुळांतले शब्द तरी किती! चुलींतल्या राखेचा तो राखी, पारव्याच्या पंखाचा तो पारवा, पहाटेचा तो धूसर, स्वयंपाकघराच्या आढ्याचा तो धुरकट, धुवूनहि निघत नाहीं तो मळकट. आणि करडा तर असा कीं त्यावरून आपण धाकाची नजरहि ओळखतों. यांतला एकहि शब्द तटस्थ नाहीं. प्रत्येकाला जन्मस्थान आहे, वास आहे, स्वभाव आहे. कोळशाची पूड घालून सारवलेल्या जमिनीचा काळपट रंग कोठून आला हें लहान मूलहि सांगेल. आमचा वाद आहे तो ज्याला जन्मस्थान नाहीं आणि जो त्याच गोष्टीचा अभिमान मिरवितो, अशा राखी रंगाशीं.

आतां पहिलें विधान. भिंत तटस्थ असूं शकत नाहीं, हें सांगण्यास कवीची गरज नाहीं. शास्त्रज्ञ पुरेसा आहे. सर्व तरंगलांबींचा प्रकाश सारख्याच प्रमाणांत परत फेंकणारा पृष्ठभाग तो तटस्थ राखी, ही व्याख्या प्रयोगशाळेपुरती निर्दोष आहे. परंतु डोळा रंग मोजीत नाहीं, तो रंगांची तुलना करतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल हा पॅरिसच्या गोबेलिन विणकामशाळेंत रंगाईचा प्रमुख होता. तेथील कांहीं काळे धागे विणल्यावर फिके दिसतात अशी तक्रार होती. शोध करतां त्याला आढळलें कीं दोष धाग्याचा नव्हे, त्याच्या शेजाऱ्याचा आहे. आणि १८३९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें शेजारीं ठेवलेल्या रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडला. त्या नियमानुसार राखी रंग तांबड्याशेजारीं हिरवट दिसतो, हिरव्याशेजारीं तांबूस, आणि पिवळ्याशेजारीं निळसर. म्हणजे ज्याला स्वतःचें कांहींच म्हणणें नाहीं, तो शेजाऱ्याच्या उलट बोलूं लागतो! कोंकणांत चार महिने खिडकीबाहेर हिरव्यावांचून दुसरा रंग नसतो. केळीच्या पानांवरून, शेवाळलेल्या गडग्यावरून आलेला प्रकाशहि हिरवट असतो. अशा प्रकाशांत ही भिंत सकाळीं एक, दुपारीं दुसरी आणि दिवा लागल्यावर तिसरीच दिसते. आणि दुकानांतील कागदावर जी पाहिली होती ती तर कधींच दिसत नाहीं.

काटेकोर तटस्थ राखी रंगाला जगांत मानाचें स्थान नाहीं असें नाहीं. छापखान्यांत रंगीत छपाई तपासण्याची जागा, चित्रपटाचे रंग जुळविण्याची खोली, येथें भिंती मुद्दाम राखी ठेवतात. कारण तेथें पारखावयाचा रंग दुसरा असतो आणि भिंतीच्या रंगानें पारख्याची नजर फसूं नये अशी योजना असते. छायाचित्रकार प्रकाश मोजण्यासाठीं राखी पत्रा वापरतो, तोहि याच न्यायानें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ब्रिटिश आरमारानें आपल्या युद्धनौकांस राखी रंग दिला, तो समुद्रावर त्या शत्रूस दिसूं नयेत म्हणून. हे सर्व उपयोग योग्यच आहेत. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष पाहा: जेथें दुसरें कांहीं पारखावयाचें असतें, किंवा जेथें स्वतः दिसावयाचें नसतें, तेथें हा रंग शोभतो. माणसाचें घर यांपैकीं कशांत मोडतें? पोलादपूरच्या म्हातारीला आपल्या माजघरांत कोणत्या छपाईची पारख करावयाची आहे, आणि कोणत्या आरमारापासून लपावयाचें आहे?

दुसरें विधान असें कीं भिंतीनें तटस्थ असूंच नये. भिंत ही घराची नोकर आहे. तिला कांहीं कामें नेमून दिलेलीं आहेत, आणि तीं करतांना तिला पक्ष घ्यावाच लागतो. पहिलें काम प्रकाशाचें. पोलादपूर तालुक्यांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा पावसाशीं झुंजणाऱ्या घराचें छप्पर खालपर्यंत उतरतें, पडवी रुंद असते, खिडक्या लहान असतात. माजघरांत जो उजेड पोंचतो तो थेट येत नाहीं. भिंतीभिंतींवर आपटत, दमत येतो. ताजा चुना आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारें चार पंचमांश भाग परत देतो. पांढरा व काळा यांच्या मधोमध दिसणारा राखी सुमारें एक पंचमांश देतो. दोन भिंतींवरून उलटून येणाऱ्या उजेडाचा हिशेब करा: चुन्याच्या घरांत शंभरांतले चौसष्ट भाग हातीं लागतात, त्या राखी घरांत चार. कोणी म्हणेल कीं लोक लावतात तो याहून फिका असतो. असेल, तो निम्मा प्रकाश परत देतो असें धरलें तरी दुसऱ्या उसळीनंतर पंचवीसच भाग उरतात. यांत वयाचा हिशेब मिळवा. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोंचणारा प्रकाश विशींतल्या माणसाच्या मानानें सुमारें एकतृतीयांश असतो. विशींतल्या डोळ्यांनीं मोबाईलवर निवडलेला रंग साठीच्या डोळ्यांपुढें बारा महिने उभा करावयाचा, आणि मग ‘आई, दिवसा दिवे कशाला लावतेस?’ म्हणून विचारावयाचें, याला सौंदर्यदृष्टि म्हणावें कीं निव्वळ अविचार?

दुसरें काम ओलीचें. ‘राखी रंगावर मळ दिसत नाहीं’ हें वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं त्याचा विचार करण्याचें कोणाला सुचत नाहीं, यांत नवल नाहीं. मळ दिसत नाहीं म्हणजे तो नाहींसा होतो काय? पांढऱ्या भिंतीवर कौल सरकल्याची खूण दुसऱ्या दिवशीं पिवळ्या ओघळाच्या रूपानें दिसते; बुरशीचा पहिला ठिपका दिसतो; घरधनी शिडी लावून वर चढतो आणि कौल सारखें करतो. राखी भिंत ही बातमी दडवून ठेवते आणि जेव्हां सांगते तेव्हां गिलावाच फुगून आलेला असतो. चुन्याला स्वतःचा दाहक गुण असल्यामुळें बुरशी त्यावर सहजीं धरत नाहीं, आणि त्याच्या थरांतून भिंतींतली ओल बाहेर पडूं शकते. उलट पुट्टी, प्रायमर व प्लॅस्टिक रंग यांचें घट्ट कवच ओल्या भिंतीवर चढविलें, कीं आंतलें पाणी वाट शोधतां शोधतां रंगाचे फोड उठवितें. जुलै २०२१ मध्यें सावित्री कोपली आणि महाडच्या बाजारपेठेंतले तळमजले पाण्याखालीं गेले. पूर ओसरल्यावर तेथील लोकांनीं खोलीखोलींतला गाळ उपसला आणि भिंती खरवडून धुतल्या. त्या लोकांस ‘मळ न दिसणें’ हा गुण आहे असें सांगून पाहावें. ज्या मुलखांत पाणी घराचा वैरी होऊं शकतें, तेथें भिंत चहाडखोर असावी, मुकी असूं नये.

हें वाचून, आम्ही सर्वांस चुन्याकडे परत धाडूं पाहतों, असा आरोप होईल. तसें नाहीं. चुना अंगरख्याला लागतो, पावसाच्या माऱ्यानें धुपतो, आणि दर वर्षीं नव्यानें मागतो. ज्या घरांत हात लावण्यास तरुण माणूस उरला नाहीं तेथें तो एक ओझें आहे, हें आम्ही जाणतों. भिंतीला कोणता लेप द्यावा हें ज्यानें त्यानें पाहावें. परंतु लेप बदलला म्हणून रंगानेंहि निरोप घ्यावा, असा कांहीं नियम नाहीं. डब्यांतून येणारा रंग पिवळा असूं शकतो, मोतिया असूं शकतो, आणि खुशाल गुलाबीहि असूं शकतो.

येथें आम्ही वादाच्या खऱ्या मर्माजवळ येतों. गुलाबी म्हटल्याबरोबर ज्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, त्यांस विचारावयाचें आहे कीं ही आठी आली कोठून? कोंकणांतील पोपटी भिंती व आकाशी दारें यांस ‘भडक’, ‘गांवठी’ म्हणावयाचें आणि राखीला ‘उच्च अभिरुचि’ हें नांव द्यावयाचें, हा निवाडा कोणीं केला? याची वंशावळ जुनी आहे. जर्मन महाकवि गटे यानें १८१० सालच्या आपल्या रंगविषयक ग्रंथांत असें लिहून ठेवलें आहे कीं रानटी लोक, अशिक्षित लोक आणि मुलें यांस झगझगीत रंगांची ओढ असते, तर सुसंस्कृत माणसें आपल्या वेषांत व भोंवतालच्या वस्तूंत असे रंग टाळतात. गटेसारख्या रंगप्रेमी पुरुषानेंहि हें लिहावें, यावरून युरोपच्या वरिष्ठ वर्गांत ही समजूत किती मुरली होती तें दिसतें. पुढें तिला यंत्रयुगाची जोड मिळाली. लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संस्थासमूहानें २०२० सालीं आपल्या संग्रहांतील सात हजारांहून अधिक वस्तूंचीं छायाचित्रें संगणकाकडून तपासविलीं, तेव्हां दोन शतकांत राखी रंग वाढत गेला आणि तपकिरी व पिवळे मागें पडत गेले, असें आढळून आलें. लांकडाची जागा धातूनें व प्लॅस्टिकनें घेतली हें त्याचें एक कारण. म्हणजे ज्याला आपण संस्कारांचें फळ समजतों, तें अंशतः कारखान्यांतील मालाचें फळ आहे. आणि गटेच्या यादींतील ‘अशिक्षित लोकां’च्या ओळींत आपल्याच आजीला उभी करून आपण स्वतः ‘सुसंस्कृतां’च्या ओळींत जाऊन बसतों.

अभिरुचीचा दाखलाच हवा असेल तर तो दूर शोधण्याचें कारण नाहीं. महाडजवळ गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं आहेत. तीं ज्या काळ्या पत्थरांत कोरलीं, त्याच पत्थरांत अजिंठाहि कोरला गेला. अजिंठ्याच्या भिक्षूंस आणि चित्रकारांस निसर्गानें आयती राखी भिंत दिली होती. ‘कशाशींहि जुळणारी’, मळ न दिसणारी, कधींहि न फुगणारी! त्यांनीं काय केलें? माती, तूस व गवताचे तंतु कालवून तिच्यावर गिलावा चढविला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि मग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ व दूरच्या अफगाणिस्थानांतून आलेला राजावर्तमण्याचा निळा रंग घेऊन ती भिंत बोलकी केली. संसार सोडलेल्या संन्याशांना जी तटस्थ भिंत पुरली नाहीं, ती संसारी माणसांना पुरावी, हें आश्चर्यच नव्हे काय?

आतां तिसरें विधान. ही भिंत जर घरांत राहणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं नाहीं, ओलीसाठीं नाहीं, आणि परंपरेसाठींहि नाहीं, तर ती आहे कोणासाठीं? ज्या शहरांतून हा रंग आला तेथें याचें उत्तर लपविलें जात नाहीं. सदनिका आज आपली असते, उद्यां भाडेकऱ्याची, परवां नव्या मालकाची. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मागच्या माणसाची खूण दिसूं नये, त्याला आपलें सामान तेथें कल्पितां यावें, म्हणून भिंत पुसून ठेवावयाची. हा व्यापाराचा धर्म आहे आणि व्यापाराच्या जागीं तो योग्यच आहे. हॉटेलाच्या खोलीनें कोणा एकाची होऊं नये, हें बरोबर आहे. तेव्हां ‘तटस्थ’ भिंत तटस्थ नसतेच. ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या बाजूची असते.

परंतु कशेडीखालच्या वाडीवस्तीचें घर हें विक्रीला काढलेलें नाहीं. निदान अजून तरी नाहीं. तेथें देवघराच्या भिंतीवर वर्षानुवर्षांचा समईचा धूर असतो, दाराच्या चौकटीवर नातवंडांच्या उंचीच्या खुणा असतात, ओटीच्या खांबाला टेंकून बसणाऱ्याच्या पाठीचा डाग असतो. ज्या दिवशीं हें सारें पुसून तेथें कोणाचाच नसलेला रंग दिला जातो, त्या दिवशीं घर विकलें जात नाहीं हें खरें. परंतु विकण्याजोगें होतें. महामार्ग रुंद झाला आहे, बोगदा मोकळा झाला आहे, आणि रस्त्याकडेच्या जमिनीस गिऱ्हाईक शोधावें लागत नाहीं. अशा वेळीं घर कोणाचेंहि दिसूं लागणें ही साधी गोष्ट नव्हे. माणूस आधीं मनानें घर सोडतो आणि मग कागदावर सही करतो.

‘तटस्थ’ शब्दापाशींच आम्ही पुन्हा येतों. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ सालीं बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी पाण्याजवळ गेले. पाणी सर्वांचें आहे हें मनांत जाणूनहि कांठावर स्वस्थ उभे राहिलेले जे कोणी होते, त्यांस त्या दिवसाचा इतिहास निष्पक्ष म्हणत नाहीं. एवढ्या मोठ्या गोष्टीशीं भिंतीच्या रंगाची तुलना करण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. तटावर उभें राहणें हाहि एक पक्षच असतो, हा शब्दाचा अर्थ तेवढा त्याच मातींतल्या उदाहरणानें सांगावयाचा होता.

तेव्हां येत्या गणपतीला जे घर रंगविणार असतील त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. नमुना मोबाईलवर पाहूं नका; डब्यांतला रंग माजघराच्या भिंतीवर हातभर लावा, आणि पावसाच्या दुपारीं दिवा न लावतां तो पाहा. पाहतांना जिला त्या भिंतीकडे बारा महिने पाहावयाचें आहे तिला शेजारीं उभी करा, आणि ‘तुला बरा वाटंल तो’ या उत्तरावर थांबूं नका. दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा विचारा. तिनें गुलाबी सांगितला तर गुलाबी द्या. तिनें विचार करून राखीच सांगितला तर तोहि द्या; मग तो तिचा रंग होईल, आणि त्याला तटस्थ म्हणण्याची कोणाची छाती होणार नाहीं.